पानातला वास बाहेर काढायचा कसा: डासांसाठी गवती चहा, निर्गुडी आणि कडुनिंब

पावसाळा तोंडावर आला की नर्सरीत ‘डास पळवणारं रोप’ म्हणून सिट्रोनेलाच्या कुंड्या मांडल्या जातात. कुंडी आणून खिडकीत ठेवली की काम झालं, अशी समजूत असते. पंधरा दिवसांनी त्याच कुंडीखालच्या ताटलीत डासांच्या अळ्या वळवळताना दिसतात. यात रोपाचा दोष नाही. सिट्रोनेला, गवती चहा, तुळस, निर्गुडी या सगळ्यांचं सुगंधी तेल पानातल्या बारीक पिशव्यांत कोंडलेलं असतं. पान चुरगाळलं, कापलं, तापवलं किंवा जाळलं की ते बाहेर पडतं. उभ्या रोपातून हवेत जातो तो वास इतका थोडा असतो की शेजारी बसलेल्या माणसाला डास खुशाल चावतात.

दुसरी गोष्ट अंतराची. चावते ती फक्त मादी. तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामाचा वास आणि अंगाची ऊब यांचा माग काढत ती येते. सुगंधी तेलाची वाफ हा माग बिघडवते, पण ती वाफ तुमच्या कातडीजवळ असली तरच. आणि वाफ म्हटलं की ती उडून जाणार. हे सगळं लेखात पुन्हा पुन्हा येईल: वास मोकळा करायचा, अंगाजवळ ठेवायचा, आणि तासाभरात पुन्हा लावायचा.

आधी पाणी उपसा

घरात डास तयार होत असतील तर कोणतीही धुरी पुरणार नाही. डेंग्यू आणि चिकनगुनिया पसरवणारा एडिस स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, बहुधा पायाच्या घोट्यांना. मुंबईसारख्या शहरात मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस गच्चीवरच्या टाक्या आणि विहिरींत वाढतो. रात्री कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स गटारातला आणि सेप्टिक टँकमधला. म्हणजे ‘आमच्याकडे गटार नाही’ एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही.

अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा तो यासाठीच. पिंप, बादल्या, कूलर, कुंड्यांच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे आणि पाण्यात ठेवलेल्या मनीप्लांटची बाटली त्या दिवशी रिकामी करा. नुसतं पाणी ओतून देऊ नका. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. नव्याने पाणी भरलं की फुटतात. काथ्याने कडा घासा आणि भांडं उन्हात पालथं घाला. सेप्टिक टँकच्या उभ्या पाइपच्या तोंडाला नायलॉनची जाळी सुतळीने बांधून टाका. दहा मिनिटांचं काम आहे आणि क्युलेक्सचा मोठा कारखाना बंद होतो.

कोणती झाडं घ्यावीत

गवती चहा आणि सिट्रोनेला हे एकाच कुळातले भाऊ, म्हणून गोंधळ होतो. गवती चहाच्या ठोंबाचा बुंधा फिकट हिरवा-पांढरा असतो, सिट्रोनेलाच्या बुंध्याशी लालसर-जांभळी झाक दिसते. पात चोळून हुंगली की गवती चहाला चहाचा ओळखीचा लिंबासारखा वास येतो, सिट्रोनेलाला साबणासारखा उग्र. डासांसाठी सिट्रोनेला सरस, चहात घालायला गवती चहा. कुंडी एकच ठेवायची असेल तर मात्र गवती चहाच ठेवा, कारण तो स्वयंपाकघरात रोज लागतो आणि रोज पात कापली जाते.

दोन्हींची लागवड सारखीच. १२ इंची कुंडी, दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग जाड वाळू. मुळं असलेला ठोंब पात्या वीतभर ठेवून छाटा आणि लावा. दिवसाला ५-६ तास ऊन हवं. सावलीत पात लांब आणि लुसलुशीत होते, पण तिला वास येत नाही, आणि मग ‘रोप निकृष्ट निघालं’ अशी तक्रार होते. पहिली कापणी ३-४ महिन्यांनी, जमिनीपासून चार बोटं वर. दर दोन वर्षांनी ठोंब फोडून नवे लावा, नाहीतर मधला भाग वाळून पोकळ होतो. कुंडीखाली ताटली ठेवायची असेल तर ती वाळूने भरा.

निर्गुडी विकत घ्यायची गरज सहसा पडत नाही. ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर ती आपोआप वाढलेली असते. गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला लावतात. एका देठाला तीन किंवा पाच लांबट पानं, वरून हिरवी, खालून पांढुरकी, आणि निळसर-जांभळ्या फुलांचे तुरे, एवढी ओळख पुरते. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब फांदी जमिनीत खोचली तरी धरते. कुंडीपेक्षा जमिनीत लावा, झुडूप पुरुषभर उंच होतं.

कडुनिंबाची ओळख सांगायला नको. तुळशीत कृष्णतुळस आणि कापूरतुळस जास्त उग्र. ओवा आणि लवंग वाण्याकडे मिळतातच.

पाला वाळवताना बरेच जण चुकतात, कारण गरज पावसाळ्यात लागते आणि पावसाळ्यात पाला वाळत नाही. दमट हवेत पसरलेल्या पाल्यावर तीन दिवसांत पांढरी बुरशी धरते. वर्षभराचा पाला एप्रिल-मेमध्ये किंवा दसऱ्यानंतर करून ठेवा. फांद्या सकाळी दव उडाल्यावर तोडा आणि जुड्या बांधून सावलीत, वारा लागेल अशा जागी उलट्या टांगा. उन्हात वाळवला तर तेल उडून जातं आणि उरतो तो नुसता पाचोळा. ४ ते ७ दिवसांत पान मुठीत धरल्यावर कुरकुर मोडलं पाहिजे. वाकलं तर अजून ओल आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, डब्यावर महिना लिहा. वर्षाच्या आत वापरा.

धुरी

उघड्या ओसरीसाठी, गोठ्यासाठी, अंगणासाठी धुरी उत्तम. बंद खोलीत नेताना जपायला हवं.

साधारण दहा बाय बारा फुटांच्या खोलीला एवढं साहित्य पुरतं: वाळलेल्या निर्गुडीची दोन मुठी पानं, एक मूठ कडुनिंबाचा वाळलेला पाला, एक छोटा चमचा ओवा, आणि तळहाताएवढा गोवरीचा तुकडा. ओवा खलबत्त्यात जाडसर ठेचून घ्या, अख्खा टाकला तर तडतडून ठिणग्या उडतात.

गोवरी लोखंडी पाटीत किंवा मातीच्या धुपाटण्यात पेटवा आणि ज्वाळा पूर्ण विझून लाल निखारा होईपर्यंत थांबा. इथे घाई केली तर पाला भडकतो, तेल जळून जातं आणि वासाऐवजी काळा धूर येतो. पाला एकदम ओतू नका, अर्धी मूठ टाका, धूर मंदावला की पुढची. धूर पांढरट आणि वासाचा असावा. डोळ्यांत भयंकर झोंबणारा, पिवळट धूर येत असेल तर पाला ओला आहे.

वेळ तिन्हीसांजेच्या आधीची, दिवेलागणीला अर्धा तास असताना. क्युलेक्स याच सुमारास आत शिरतात. घरातली माणसं बाहेर काढा, पंखा बंद करा, उजेडाच्या बाजूची एक खिडकी उघडी ठेवून बाकी लावून घ्या. पलंगाखाली, पडद्यांमागे, कपड्यांच्या खुंटीजवळ धुपाटणं फिरवा, कारण दिवसा डास तिथेच बसलेले असतात. दहा मिनिटं पुरतात. मग धुपाटणं बाहेर न्या, जाळी असलेल्या खिडक्या उघडून धूर जाऊ द्या आणि नंतरच आत या.

निखाऱ्यांचं धुपाटणं बंद खोलीत ठेवून झोपू नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. दमेकरी, तान्हं बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर धुरी वगळाच. पाला निंबाचा असला तरी धूर हा शेवटी धूरच, छातीला तो चुलीच्या धुराइतकाच वाईट. आणि धूर विरला की नवे डास आत येतात, तेव्हा खिडकीला जाळी नसेल तर हा सगळा खटाटोप अर्ध्या तासाचा.

अंगाला लावायचं तेल

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना खरा उपयोग याचा. दोन प्रकार सांगतो.

पहिला कडुनिंबाचा. १०० मिली खोबरेलात २ मिली कडुनिंबाचं तेल. मोजायला मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणा. चमच्याने अंदाज चुकतो आणि थेंबांचा आकार बाटलीगणिक बदलतो. कडुनिंबाचं तेल घाण्याचं, गर्द पिवळं-तपकिरी आणि लसणासारख्या वासाचं असतं. बिनवासाचं, पाण्यासारखं पातळ काही मिळालं तर ते परत करा. थंडीत खोबरेल गोठतं (२४ अंशांच्या आसपास), तेव्हा तिळाचं तेल घ्या. ‘वास येतो म्हणून थोडं जास्त घालू, म्हणजे लवकर परिणाम होईल’ असं करू नका, अंगाला खाज सुटते. आणि हे तेल पोटात जाता कामा नये, विशेषतः लहान मुलांच्या. बाटली फडताळात वर ठेवा.

दुसरा सिट्रोनेलाचा. ३० मिली तिळाचं किंवा खोबरेल तेल आणि दीड मिली सिट्रोनेला तेल, म्हणजे ५ टक्के. हे प्रमाण मोठ्यांसाठी. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ३० मिलीत अर्धा मिली बस. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला कसलंही सुगंधी तेल लावू नका, त्याला मच्छरदाणीच.

सिट्रोनेलाऐवजी गवती चहाचं तेल त्याच मापाने घालायचा मोह होतो, कारण ते सहज मिळतं. तसं करू नका. त्यातला सिट्रल नावाचा घटक कातडीला चावतो. ३० मिलीत ४ थेंबांच्या वर जाऊ नका. लवंगेच्या तेलाचंही तसंच, ३० मिलीत २-३ थेंब. लवंगेचं तेल नुसतं लावून हातावर लालभडक चट्टे उठवून घेणारे दर पावसाळ्यात भेटतात. लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजते, ते रात्रीसाठीही टाळलेलं बरं.

नीलगिरी तेलाबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे. परदेशी आरोग्य संस्था ज्याची शिफारस करतात ते लिंबाच्या वासाच्या निलगिरीच्या झाडापासून प्रक्रिया करून मिळवलेलं द्रव्य आहे, त्याला पीएमडी म्हणतात. आपण सर्दीला वाफारा घेतो ते नीलगिरी तेल वेगळ्या जातीच्या झाडाचं. नाव सारखं, काम वेगळं. सर्दीचं तेल अंगाला चोळून डास पळतील अशी अपेक्षा ठेवू नका. पीएमडी असलेलं तयार उत्पादन मिळालं तर तीन वर्षांखालच्या मुलांना ते लावायचं नसतं.

कोणतंही तेल पहिल्यांदा लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावून २४ तास थांबा. लालसर झालं, खाज आली तर तेल बाद. मग लावताना घोटे, पोटऱ्या, कोपर, मानेची मागची बाजू एवढं झाकलं पाहिजे. डोळ्यांभोवती, ओठांवर, जखमेवर आणि लहान मुलांच्या तळहातांवर नको, हात तोंडात जातात. एक जागा सुटली तर डास नेमका तिथे बसतो, कारण वाफेचा पडदा दोन-चार बोटांपलीकडे पोचत नाही.

किती वेळ टिकतं, यावर जाहिराती आणि अनुभव यांचा मेळ बसत नाही. २००२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलेल्या चाचणीत पिंजऱ्यातल्या एडिस डासांपुढे हात ठेवून मोजणी झाली. २३.८ टक्के डीट (डासांना दूर ठेवणारं रसायन) लावलेला हात सरासरी ३०१ मिनिटं सुरक्षित राहिला, सिट्रोनेलाची उत्पादनं २० मिनिटंही टिकली नाहीत आणि मनगटाला बांधायच्या पट्ट्यांचा काही उपयोग झाला नाही. पिंजऱ्यातले उपाशी डास आणि आपल्या गॅलरीतले चार डास यात फरक आहे, तरी तासाभराने पुन्हा लावायचं हे धरून चाला. घाम आला, पंखा जोरात असला तर त्याआधीच. गल्लीत डेंग्यूचे रुग्ण निघाले असतील तर घरगुती तेलावर भिस्त ठेवू नका. डीट किंवा पिकारिडिनचं (तसंच दुसरं रसायन) मलम घ्या आणि दिवसासुद्धा पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

पडद्यांसाठी फवारा

गवती चहा पाण्यात उकळून तो फवाऱ्यात भरायची युक्ती सगळीकडे फिरते. तेल पाण्यात विरघळत नाही, उकळताना ते वाफेबरोबर स्वयंपाकघरात उडून जातं आणि बाटलीत उरतं हिरवट पाणी. दोन दिवसांत ते आंबतंही. त्यापेक्षा असं करा: काचेच्या १०० मिली बाटलीत आधी ६० मिली सर्जिकल स्पिरिट घ्या, त्यात ५ मिली सिट्रोनेला तेल घालून हलवा, तेल दिसेनासं झालं की ३५ मिली उकळून गार केलेलं पाणी थोडं थोडं ओता. द्रव दुधाळ होतो, ते बरोबर आहे. क्रम उलटा केला, आधी पाणी घातलं, तर तेल वर तरंगत राहतं. दर वेळी हलवून वापरा. प्लास्टिकची पातळ बाटली नको, तेलाने ती मऊ पडते.

पडद्याच्या खालच्या कडेवर, दाराच्या पायपुसण्यावर, टेबलाच्या खालच्या बाजूला आणि मच्छरदाणीच्या झालरीवर फवारा. रेशमी आणि पॉलिश केलेल्या वस्तूंवर डाग पडतो. स्पिरिट पेट घेतं, म्हणून देवघरात निरांजन किंवा स्वयंपाकघरात गॅस चालू असताना बाटली हातात घेऊ नका. घरात मांजर असेल तर फवारा आणि डिफ्युझर (तेलाचा वास हवेत सोडणारं उपकरण) दोन्ही सोडून द्या. अंग चाटताना हे तेल तिच्या पोटात जातं, आणि मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही.

हे करू नका

डासांच्या मशीनच्या रिकाम्या बाटलीत कडुनिंबाचं तेल, कापूर आणि रॉकेल भरायचे व्हिडिओ खूप पाहिले जातात. कडुनिंबाचं तेल दाट असल्यामुळे वातीतून वर चढत नाही, म्हणून ते पातळ करायला रॉकेल सांगतात, आणि मग विजेच्या तापलेल्या कड्याशेजारी रॉकेलची बाटली रात्रभर अडकवलेली राहते. आग लागली नाही तर नशीब, आणि रॉकेलची वाफ छातीत जाते ती वेगळीच. लिंबात लवंगा खोचून ताटात ठेवणं निरुपद्रवी आहे आणि निरुपयोगीही. दिसायला छान दिसतं.

कापूर जाळण्यापेक्षा उघडा ठेवला तर हळूहळू उडतो आणि वास जास्त वेळ राहतो. पण खडीसाखरेसारखा दिसतो म्हणून मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका, थोडासा गिळला तरी मुलाला झटके येऊ शकतात.

पावसाळ्यातला एक दिवस

सकाळी मुलं शाळेला निघण्याआधी घोट्यांना आणि कोपरांना तेल, वर पायमोजे. दुपारी घरात कोणी बसलं असेल तर पायांजवळ टेबलफॅन लावा. डास फार दुबळा उडणारा, वाऱ्यात त्याला उतरता येत नाही आणि घामाचा वासही पांगतो. बिनवासाचा हा उपाय बऱ्याच तेलांना मागे टाकतो. संध्याकाळी साडेसहाच्या आधी पडद्यांच्या कडांवर फवारा किंवा ओसरीत धुरी, मग दारं लावून घ्यायची आणि सातनंतर दिवा लावूनच उघडायची असतील तर जाळीचंच दार उघडायचं. गॅलरीत गप्पा मारत बसणार असाल तर बसण्याआधी दहा मिनिटं तेल आणि तासाने पुन्हा. झोपताना अंगावरचं तेल धुऊन टाका, नाहीतर उशी पिवळी होते. मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचा आणि आत बसून एकदा विजेरी फिरवा. एखादा आतच राहून गेलेला असतो.